प्रश्न, ठराव आणि पाणी

लोकसभेचे अधिवेशन सुरू झाले म्हणजे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील दिवसांची गती एकाएकी पालटते. एरवी या टेबलावरून त्या टेबलावर जावयास आठवडा घेणारी फाइल अशा दिवसांत तासाभरात तीन जिने चढून उतरते. कोणा दूरच्या मतदारसंघातील सभासदाने विचारलेले असते : आमच्या तालुक्याच्या पाणीयोजनेस किती रक्कम मंजूर झाली, तीतील किती खर्ची पडली, आणि उरलेली का पडली नाही? मंत्रिमहाशय सभागृहात उभे राहून उत्तर देतात. परंतु त्या उत्तराचा पहिला मसुदा आमच्यासारख्या एखाद्या कारकुनाच्या हातून उतरलेला असतो. हा आमचा अभिमान नव्हे. तो आमचा धंदा आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पाण्याच्या प्रश्नावर आम्ही मसुदा केला होता. माहिती अपुरी होती आणि वेळ त्याहून अपुरा. आम्ही लिहिले की, हा विषय मुख्यतः राज्याच्या अखत्यारीतील असून त्याचा यथोचित विचार करण्याविषयी संबंधितांस कळविण्यात आले आहे. वरिष्ठांनी त्या वाक्यात एक अक्षरही बदलले नाही. उलट, "आता तुम्हांला हात बसला," असा शेरा तोंडी मिळाला. त्या दिवशी आम्ही खुशीत घरी गेलो, हे कबूल केले पाहिजे. पुढे येथील मराठी मंडळींच्या वाचनालयात मुंबई इलाख्याच्या जुन्या कायदे कौन्सिलाविषयी वाचीत असता आमचे तेच वाक्य, थोड्या निराळ्या शब्दांत, आम्हांला १९२३ सालच्या एका सरकारी हुकुमात भेटले. त्या भेटीची हकीकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम प्रश्नाच्या हक्काविषयी दोन शब्द. १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या कौन्सिलांत सभासदास प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने झाली. १८९३ च्या फेब्रुवारीत वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला, तो भिनग्याच्या राजांनी. आणि त्याचा विषय साम्राज्याचे धोरण हा नव्हता. फिरतीवर असलेल्या सरकारी अंमलदारांना रसद पुरविताना खेड्यातील दुकानदारांना जो जाच होतो, त्याविषयी तो होता. आमच्या देशातील संसदीय प्रश्नाचा जन्म असा गावच्या वाण्याच्या दारात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र उत्तर मिळाले की विषय संपे. उत्तरावर प्रतिप्रश्न करण्यास मुभा नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी ती मूळ प्रश्नकर्त्यापुरती मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांनाही मिळाली. प्रतिप्रश्नाचे महत्त्व आम्हां मसुदेकारांइतके कोणास ठाऊक असणार? पहिले उत्तर लिहून काढता येते. दुसऱ्यासाठी वस्तुस्थिती जवळ असावी लागते.

१९१९ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट झाली. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती येऊन शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. विहीर, तळे, शाळा आणि दवाखाना यांविषयी ज्याला जाब विचारावा असा मंत्री प्रथमच सभागृहात समोर बसू लागला. तिजोरीच्या किल्ल्या मात्र गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिल्या.

या नव्या कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले हे सभासद होते. भंडारी समाजातील हे गृहस्थ मुंबईच्या कामगारांत वावरलेले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्ष तेच होते. त्याच सभेत केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. बोल्यांच्या मांडणीचे मर्म 'सार्वजनिक पैसा' या दोन शब्दांत आहे. त्यांनी धर्मशास्त्राचा काथ्याकूट केला नाही. जे सर्वांच्या करातून उभे राहिले त्यावर हक्कही सर्वांचा, एवढा साधा हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला. या हिशेबास उत्तर नव्हते, म्हणून ठराव संमत झाला.

११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्यावर हुकूम काढला. आमच्या परिचयाचे वाक्य आम्हांला भेटले ते येथे. हुकुमाचे दोन भाग आहेत. सरकारच्या स्वतःच्या मालकीची जी ठिकाणे व संस्था आहेत, त्यांच्यापुरता सर्व कचेऱ्यांच्या प्रमुखांनी ठरावाचा अंमल करावा, हा पहिला भाग. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्यापुरते मात्र, शिफारस स्वीकारणे इष्ट आहे की काय याचा विचार करण्याविषयी कलेक्टरांनी त्यांस सल्ला द्यावा, हा दुसरा. सामान्य वाचकास या दोहोंत फारसे अंतर वाटणार नाही. ज्याने कारकुनी केली आहे त्याला ते पहिल्या वाचनात दिसते. 'अंमल करावा' यात एक क्रिया आहे. 'इष्टतेचा विचार करण्याविषयी सल्ला द्यावा' यात तीन आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही कोणाची घागर भरत नाही. आता गावातील बहुतेक तळी व विहिरी कोणाच्या होत्या? नगरपालिकांच्या आणि बोर्डांच्या. म्हणजे ठराव पाण्यासाठी होता, आणि पाण्यापुरताच हुकूम कोरडा होता!

तरीही काही ठिकाणी कागद हलला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक त्या गावी होते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण ठरावाने खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. गावातील सवर्णांच्या धाकाने कोणी अस्पृश्य तेथे उतरू धजला नाही, आणि ठरावाचे संरक्षण करण्यास ठराव करणारे काठावर उभे नव्हते.

बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आमच्या मते हा माणूस तीन वर्षांत सरकारी भाषा पुरती शिकला होता. सल्ल्याला पाय नसतात, ते अनुदानाला असतात, हे त्याने ओळखले होते.

१९२७ च्या फेब्रुवारीत स्वतः डॉ. आंबेडकर नियुक्त सभासद म्हणून त्याच कौन्सिलात बसू लागले. १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी मागणी केली की, सरकार अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे. यानंतर एका आठवड्याने ते महाडास होते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेस जमलेल्या हजारो लोकांसह ते चवदार तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मंदिरातही हे लोक शिरणार अशी अफवा उठवून पुढे त्यांच्यावर हल्ला झाला, मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. इतिहास कधी कधी तारखांची अशी क्रूर थट्टा करतो.

मग वाद न्यायालयात गेला. डिसेंबरात मनाईहुकूम आला. दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाण्याचा बेत त्यामुळे तहकूब झाला. दिवाणी दावा पायरीपायरीने चढत मुंबईच्या उच्च न्यायालयात पोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी त्याचा अखेरचा निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी असल्याचे शाबीत होत नाही, असे न्यायमूर्तींनी ठरविले. एका तळ्याच्या काठावर पोचण्यास कायद्याला, ४ ऑगस्ट १९२३ पासून मोजल्यास, साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागला.

तर मग कौन्सिलातील प्रश्न आणि ठराव व्यर्थ होते काय? आम्हांला तसे म्हणवत नाही. महाडास लोक गेले ते याचना करावयास गेले नाहीत; कायदेमंडळाने मान्य केलेला आणि नगरपालिकेने जाहीर केलेला हक्क बजावण्यास गेले. त्यांच्या पायाखाली तो कागद होता. कागदाने पाणी मिळाले नाही, हे खरे. पण ज्यांनी ते अडविले त्यांना, आपण कोणता हक्क अडवीत आहो, हे कागदामुळे लपविता आले नाही. शिवाय बोल्यांच्या हिशेबाचा धागा पुढे तुटला नाही. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम पाहावे. राज्याच्या पैशातून संपूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात धर्म, जात वा जन्मस्थान यांवरून कोणास आडकाठी करता येणार नाही, असे तेथे आहे. 'सार्वजनिक पैसा' तेथे पुन्हा भेटतो. आणि या खेपेस सोबत 'सल्ला' नाही. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे वाचकांस सांगावयास नको.

आजही लोकसभेत दररोज वीसपर्यंत तारांकित प्रश्न हिरव्या कागदावर छापून येतात, आणि शेकडो प्रश्नांना लेखी उत्तरे जातात. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' एवढ्यावर मंत्र्यांची सुटका होऊ नये म्हणून आश्वासनांवर देखरेख करणारी समिती लोकसभेने १९५३ सालीच नेमली. यंत्र सुधारले आहे. पण यंत्रात शब्द घालणारी माणसे आमच्यासारखीच आहेत, आणि 'यथोचित विचार' हा शब्द अजून आमच्या हाताशी आहे.

गेल्या अधिवेशनात पाण्याचाच एक प्रश्न पुन्हा आमच्या टेबलावर आला. आम्ही मसुद्यात मंजूर रक्कम लिहिली, खर्चाची रक्कम लिहिली, आणि काम कोणत्या तारखेपासून कोठे थांबले आहे ते लिहिले. वरिष्ठांनी शेवटचे वाक्य खोडून तेथे जुने, सुरक्षित वाक्य घातले. दोन्ही रकमा मात्र राहिल्या. प्रतिप्रश्न विचारणाऱ्यास तेवढ्या पुरतील, अशी आमची आशा आहे.