‘दी’मधला द आणि ‘दू’मधला द

आपण बोललेले शब्द कसे ओळखतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. तो सांगितला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “त्यात शोधायचं काय? एकेक अक्षर ऐकायचं, जोडायचं, झाला शब्द!” प्रश्न रास्तच आहे. ऐंशी वर्षांपूर्वी काही हुशार शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. त्यांचा हा समज कसा मोडला, ती गोष्ट आज सांगते.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकन सैनिकांना छापील पुस्तकं वाचता यावीत म्हणून न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेकडे एक काम आलं. फ्रँकलिन कूपर तिथे होतेच. १९४४ मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲल्विन लिबरमन आले. कल्पना सोपी होती. यंत्र अक्षरांवरून फिरेल आणि प्रत्येक अक्षरासाठी एक ठरावीक आवाज काढेल. सरावाने माणूस ते आवाज ‘वाचायला’ शिकेल.

नाही शिकला. तऱ्हेतऱ्हेचे आवाज वापरून पाहिले, तरी ऐकणाऱ्यांचा वेग बोलण्याच्या वेगाच्या जवळपासही जाईना. आता गंमत बघा. साध्या गप्पांमध्ये आपण सेकंदाला दहा-पंधरा वर्ण आरामात ऐकतो. त्याच वेगाने सुटे आवाज वाजवले, तर त्यांची नुसती गुणगुण होते. मग बोलण्यात असं वेगळं काय आहे?

ते शोधायला कूपर यांनी एक उलटं यंत्र बांधलं. आवाजाचं चित्र काढणारं यंत्र तेव्हा आलेलं होतंच. यांचं यंत्र चित्रावरून आवाज काढायचं. पारदर्शक पट्टीवर रंगाने रेघा ओढायच्या, पट्टी प्रकाशाखालून सरकवायची की बोलणं ऐकू यायचं! म्हणजे एखादी रेघ पुसली किंवा वाकवली तर कानाला काय वाटतं, हे तपासता येऊ लागलं.

त्यात सापडलं ते असं. ‘दी’ आणि ‘दू’ घ्या. दोन्हीत आपल्याला तोच द ऐकू येतो. पण चित्रात द ओळखू देणारी महत्त्वाची रेघ ‘दी’मध्ये वर चढते आणि ‘दू’मध्ये खाली उतरते. तेवढाच तुकडा कापून ऐकवला, तर कुणालाच द ऐकू येत नाही. पक्ष्याच्या शिळेसारखं काहीतरी वाटतं. कारण? आत्ताच मोठ्याने ‘दू’ म्हणून बघा. द उच्चारण्याआधीच तुमचे ओठ गोल झालेले असतात. म्हणजे द आणि ऊ एकामागून एक येत नाहीत, ते एकमेकांत मिसळूनच येतात. सुटं अक्षर हवेत नसतंच. ते आपण ऐकताना वेगळं काढतो. आणि माहिती अशी एकात एक गुंफलेली असते म्हणूनच बोलणं इतक्या वेगाने कळतं.

या कथेत पुढे मराठीही येते. १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी अकरा भाषा मोजल्या, त्यांत हिंदी आणि मराठी होत्या. त्यांचं माप एकच होतं : जीभ किंवा ओठ सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतू कंप पावू लागण्याचा क्षण, यांत किती अंतर? बहुतेक भाषांतले त-द सारखे फरक या एका मापाने सुटले.

आता आपले चार शब्द घ्या : ताट, थाट, दाट, धाट. ‘ताट’मध्ये कंपन जवळजवळ लगेच सुरू होतं, ‘थाट’मध्ये बरंच उशिरा. ‘दाट’मध्ये ते जीभ सुटण्याआधीच सुरू असतं. आणि ‘धाट’मध्ये? तिथेही आधीच! द आणि ध या मापाने वेगळे होईनात. त्यांच्यातला फरक जीभ सुटल्यानंतर कंपनाबरोबर येणाऱ्या श्वासाच्या झोतात असतो. ज्वारीचं धाट कुणी दाट ऐकत नाही, पण ते का, हे त्या मापाला सांगता आलं नाही.

म्हणून ऐकण्याचा अभ्यास फक्त इंग्रजीवर करून भागत नाही. एका भाषेला पुरलेलं माप दुसरीला पुरेलच असं नाही. आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे : अक्षरं जोडून शब्द होतो तो कागदावर. कानाला मिळतो तो सगळा एकत्र कालवलेला आवाज, आणि त्यातून ‘धाट’ वेचून काढण्याचं काम तुम्ही दिवसभर, नकळत करत असता.