उंबऱ्यापर्यंतची वाट

जर्मन भाषेतल्या 'हाइमवे' या शब्दाची फोड केली तर 'घराची कळ' असा अर्थ निघतो. दूर गेलेल्याला घराच्या आठवणीने जी हुरहुर लागते, ती ही कळ. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांचे जन्मगावच परक्या देशात गेले, अशी जर्मन माणसे पुढे ते गाव नुसते डोळ्यांनी पाहून यायला निघू लागली आणि या प्रवासाला 'हाइमवे-टुरिस्मुस' असे नाव पडले. कोणी बसने जाई, कोणी मोटारीने. पण या प्रवासाचे खास रूप दिसे ते झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या व्हॅनमधून निघालेल्या नवराबायकोत. दोघांपैकी एकाचे बालपण तिकडचे असे आणि दुसऱ्याने ते फक्त ऐकलेले असे.

या प्रवासाचे मूळ १९४५ च्या उन्हाळ्यात आहे. पॉट्सडॅमच्या परिषदेने ओडर आणि नायसे या नद्यांच्या पूर्वेचा जर्मन मुलूख पोलंडच्या ताब्यात दिला. सायलेशिया, पोमेरेनियाचा मोठा भाग आणि पूर्व प्रशियाचा दक्षिण भाग त्यात आला. पूर्व प्रशियाचा उत्तर भाग सोव्हिएत संघाने घेतला. पोलंड, चेकोस्लोवाकिया आणि आसपासच्या प्रदेशांतून पळालेल्या व हाकललेल्या जर्मनांची संख्या सुमारे १ कोटी २० लाख भरते. ब्रेस्लाउचे व्रोत्सवाफ झाले, श्टेटीनचे श्चेचिन आणि तत्त्वज्ञ कांटच्या क्योनिग्सबर्गचे १९४६ मध्ये कालिनिनग्राड. रिकाम्या घरांत जे आले त्यांतले अनेकजणही निर्वासितच होते. ल्वूफ आणि भोवतालचा पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेल्याने तिथले पोलिश लोक व्रोत्सवाफकडे हलवले गेले होते. हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढच्या भेटीगाठींचा रंग कळत नाही.

पश्चिम जर्मनीत या लोकांना 'हाकललेले' हे नाव कायद्याने मिळाले, नुकसानभरपाईचा कायदा १९५२ मध्ये झाला आणि त्यांच्या संघटनांना राजकारणात वजन आले. पूर्व जर्मनीत मात्र त्यांना 'स्थलांतरित' म्हणायचे, संघटना काढायची नाही आणि दुःखही फार बोलून दाखवायचे नाही, अशी रीत होती. त्या सरकारने १९५० मध्येच नवी सरहद्द मान्य करून टाकली होती.

१९५६ नंतर पोलंडने दार थोडे किलकिले केले तेव्हा काही लोक जाऊन आले. लेखक ग्युंटर ग्रास १९५८ मध्ये ग्दान्स्कला, म्हणजे आपल्या जन्मगावी डान्झिगला गेला, तो 'द टिन ड्रम' या कादंबरीच्या तयारीसाठी. रीघ लागली ती पुढे. डिसेंबर १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सात करारावर सही केली आणि पश्चिम जर्मनीने ओडर-नायसेची रेषा व्यवहारात स्वीकारली. हाकललेल्यांच्या संघटना संतापल्या. पण त्याच कराराने त्यांच्या सभासदांना गावाकडचा रस्ता सोपा करून दिला. व्हिसा आणि सक्तीचा चलनबदल हे सोपस्कार राहिलेच.

नेमक्या याच काळात व्हॅन हाताशी होती. फोल्क्सवागनने १९५० मध्ये मालवाहू व्हॅन बाजारात आणली. तिला जर्मन माणूस लाडाने 'बुली' म्हणतो. वीडनब्रुकच्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून तिच्यासाठी पलंग आणि कपाट यांचा काढता-घालता संच केला. आठवडाभर मालवाहतूक आणि सुट्टीत बिऱ्हाड, असा तो काटकसरी हिशोब होता. पुढे वर उचलले जाणारे छप्पर, शेगडी, पाण्याची टाकी अशी भर पडत गेली. पोलंडमध्ये हॉटेले होती ती शहरांत. जन्मगाव मात्र बहुतेकदा पूर्व प्रशियातल्या मासुरियाच्या तळ्याकाठचे किंवा सायलेशियाच्या डोंगरातले खेडे असे. शेजारच्या तळ्यावर व्हॅन लावली की दोन-तीन दिवस गावाभोवती घिरट्या घालता येत. पहिल्याच दिवशी दार ठोठावण्याचे धैर्य होतेच असे नाही, त्यामुळे ही सोय लहान नव्हती.

नकाशा जुना, जर्मन नावांचा. रस्त्यावरच्या पाट्या पोलिश. शाळा, चर्च, ओढ्यावरचा पूल यांच्या खुणांनी घर शोधायचे. कधी घर सापडे, कधी जोत्याचे दगड. दफनभूमीतले जर्मन अक्षरांचे दगड बहुधा पडलेले किंवा नाहीसे झालेले असत. घर उभे असले तर खरा पेच उंबऱ्यावर. आतल्यांना वाटे, हे घर मागायला आले. बाहेरच्यांना वाटे, आपल्याच घरात पाहुणा कसे व्हावे? कॉफी, चॉकलेट अशा भेटी पुढे होत. पुष्कळदा आतली आजी ल्वूफकडची निघे आणि मग तिच्याही सुटलेल्या घराची गोष्ट निघे. भाषा फारशी न जुळताही हा संवाद होई. निघताना मूठभर माती किंवा अंगणातल्या झाडाचे फळ बरोबर घ्यायचे, हे जवळजवळ ठरलेले. माहेर म्हणजे माणसे, असे आपण म्हणतो; इथे वास्तू होती आणि माणसे दुसरीच होती.

असे प्रवास सूडाची भावना पेटवतील, ही पोलिश सरकारची भीती होती. घडले बरेचसे उलटे. मनातले गाव आणि समोरचे गाव एक नाही, हे डोळ्यांना दिसले की परतण्याची भाषा बोथट होते. सभांच्या भाषणांनी जी आग पंचवीस वर्षे धगधगती ठेवली, ती एका आठवड्याच्या मुक्कामाने थंड केली, असे म्हणायला जागा आहे.

या अनुभवाचे सर्वांत बारकाईचे लेखन पूर्व जर्मनीतून आले, हे विशेष. क्रिस्टा वोल्फचा जन्म १९२९ चा, लांड्सबर्गचा, म्हणजे आजच्या गोझूफचा. १९७६ च्या तिच्या 'किंडहाइट्समुस्टर' या कादंबरीत निवेदिका १९७१ च्या जुलैत नवरा, भाऊ आणि मुलगी यांच्यासह मोटारीने जन्मगावी जाते. मुलगी प्रश्न विचारते आणि घराच्या आठवणीबरोबर नाझी काळात सुखाने वाढलेले बालपणही वर येते. हरवलेल्या घराबद्दल हळहळताना हा दुसरा प्रश्न अनेक प्रवासी टाळत.

कालिनिनग्राड लष्करी तळ असल्याने १९९१ पर्यंत परदेशी प्रवाशांना जवळजवळ बंदच होते. उघडल्यावर जे आले त्यांना पाहायला फारसे काही उरले नव्हते. राजवाड्याचे अवशेष १९६० च्या दशकाच्या शेवटी पाडले गेले होते. जानेवारी १९४५ मध्ये घोड्यावरून पूर्व प्रशिया सोडणाऱ्या आणि पुढे 'डी त्साइट' या साप्ताहिकाच्या संपादक झालेल्या मारियोन डोनहोफ यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये तिथे कांटच्या हरवलेल्या पुतळ्याची प्रतिकृती उभी राहिली.

नोव्हेंबर १९९० च्या जर्मन-पोलिश कराराने सरहद्दीचा प्रश्न कायमचा मिटला. मालमत्तेचे काही दावे तरीही युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २००८ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. दुसरीकडे, ग्रासला ग्दान्स्कने १९९३ मध्येच मानद नागरिक केले होते. २१ डिसेंबर २००७ रोजी ओडरच्या पुलांवरची पासपोर्टची नेहमीची तपासणी बंद झाली. आता व्हॅनमधून येतात ती बहुतेक नातवंडे. गावाचे जुने नाव त्यांना आजीच्या तोंडून ऐकून माहीत असते, रस्ता मात्र ती पोलिश नावानेच शोधतात.