दिघीच्या ‘दक्ष’ची वाटचाल

पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची एक प्रयोगशाळा आहे, लष्कराच्या इंजिनिअर दलासाठी काम करणारी. तिची जुनी ओळख पुलांची. ट्रकवरून नेऊन नाल्यावर झटपट टाकता येणारा ‘सर्वत्र’ पूल इथलाच, ‘पिनाका’ रॉकेटांचा लाँचरही इथलाच. जवानाला पलीकडे पोचवणाऱ्या या संस्थेने पुढे उलटं काम हाती घेतलं: जवानाला मागे ठेवून यंत्र पुढे धाडायचं.

त्यातून ‘दक्ष’ उभा राहिला. जाड रबरी चाकांची ही विजेरी गाडी जिना चढते. कॅमेऱ्यांतून दिसणारं दृश्य पाहत जवान तिला पाचशे मीटरपर्यंत लांबून चालवतो. तिच्या हाताने वीस किलोंपर्यंतची संशयास्पद वस्तू उचलता येते, एक्स-रेने आत काय आहे ते बघता येतं. बॉम्ब असला तर प्रचंड वेगाने पाण्याचा फवारा मारायचा. स्फोट होण्याआधीच त्याची जोडणी तुटते.

13 फेब्रुवारी 2010 ला याच पुण्यात जर्मन बेकरीत एका बेवारस बॅगेने 17 बळी घेतले. अशा बॅगेजवळ आधी माणूस जाऊ नये, हीच ‘दक्ष’मागची तळमळ. डायनालॉग, थीटा कंट्रोल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सला तंत्रज्ञान देण्यात आलं. लष्कराने वीस गाड्यांची मागणी नोंदवली आणि 19 डिसेंबर 2011 ला पहिल्या पाच गाड्या लष्कराच्या ताब्यात गेल्या.

संस्था तिथे थांबली नाही. बस, रेल्वे, विमान यांसारख्या अडचणीच्या जागी शिरणारा छोटा रोबो झाला. हजार किलोपर्यंतचा न फुटलेला बॉम्ब एक किलोमीटरवरून हाताळणारा ‘यूएक्सओआर’ही झाला.

पण अशा यंत्रांची गरज पुण्यापुरती नाही. आमच्या रायपूरहून जगदलपूरची वाट धरली की बस्तर लागतं, पलीकडे गडचिरोली. 1 मे 2019 ला कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने 15 पोलीस जवान आणि त्यांचा चालक मारले गेले. बॅग डोळ्यांना दिसते, रस्त्याखाली पुरलेला सुरुंग दिसत नाही, म्हणून इथलं काम अधिक अवघड आहे. कच्च्या रस्त्यावर गस्तीच्या पुढे चालेल, सुरुंग हुडकेल आणि जिला दोघे जवान उचलून नेऊ शकतील, अशी हलकी गाडी या जंगलाला हवी. दिघीच्या अभियंत्यांनी वाटचालीचा पुढचा टप्पा इथे, बस्तर-गडचिरोलीत आखावा, ही आमची कळकळीची विनंती.