तुरुंगाने राखलेला किल्ला

ठाण्यात राहणाऱ्या कितीतरी जणांना आपल्या गावात किल्ला आहे हे ठाऊकच नसते. तुरुंग मात्र सर्वांना ठाऊक असतो. तो तुरुंग म्हणजेच हा किल्ला! पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. काम पुरे होण्याआधीच, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला.

बाजीराव दुसऱ्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर होता. पहाऱ्यावर गोरे शिपाई. त्यांना मराठीचा गंध नाही. एक मोतद्दार म्हणे खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणे आणि गाण्यातूनच पळण्याचा बेत सांगे. बिशप हेबर यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. ती कितपत खरी, कोण सांगणार? पण १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले, हे नक्की. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली.

भोवती एवढे शहर वाढले, तरी तट राहिला. कारण सरकारला तो रोज लागत होता. कल्याणच्या खाडीवरचा दुर्गाडी देवीने राखला. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवाजीमहाराजांनी आरमाराची सुरुवात या परिसरात केली, हे ज्यांना माहीत नाही तेही नवरात्रात गडावर जातात.

मात्र रोजच्या वापराने सगळेच टिकते असे नाही. कल्याणचा १९१४ चा पत्री पूल शंभर वर्षे राबला, धोकादायक झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरवला गेला. तो पाडणे भागच होते. नवा पूल २०२१ मध्ये सुरू झाला. नाव तेवढे जुनेच राहिले.

म्हणूनच ठाण्याचा तुरुंग हलवून किल्ला लोकांना खुला करा, ही अधूनमधून होणारी मागणी मला अर्धीच पटते. कैदी गेले की पहाराही जाणार, आणि ठाण्यात मोकळ्या जागेचा भाव काय आहे ते ठाणेकरांना मी सांगायला नको. आधी तट आणि बुरूज मोजून नकाशावर आणावेत, फाशीची जागा कायद्याने राखून ठेवावी. कुलूप त्यानंतर काढावे.