गोठ्यातील कष्ट आणि वहीतील नाव

नगर जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला, की १४९० साली मलिक अहमदाने वसविलेले शहर, किल्ल्यासाठी झुंजणारी चांदबिबी आणि १९४२ साली त्याच किल्ल्यात स्थानबद्ध झालेले राष्ट्रीय पुढारी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. हा इतिहास थोर आहे, यात शंका नाही. परंतु या पर्जन्यछायेच्या मुलखात पीक बुडाल्यावर चूल कोणी पेटती ठेवली, असे आम्ही विचारू लागलो, तर उत्तर किल्ल्यात नव्हे, गोठ्यात सापडते.

अकोल्याच्या डोंगरात पावसाला दाद न देणारी डांगी गुरे, संगमनेरचे नाव मिरविणारी संगमनेरी शेळी, पारनेरच्या माळावरील मेंढरे हे या जिल्ह्याचे पशुधन होय. वैरण कापणे, पाणी पाजणे, शेण काढणे, धारा काढणे, व्यालेल्या जनावराजवळ रात्र जागणे, ही कामे बव्हंशी स्त्रियांनीच केली. धनगराचा वाडा दिवाळीनंतर घाट उतरून निघाला, म्हणजे घोड्यावर संसार लादणारी आणि लंगडे कोकरू उचलून घेणारी तीच.

मग तिचे नाव कोठे आहे? पूर्वी विरजण, घुसळण, लोणी कढविणे हे सारे घरात होई आणि तुपाचे चार पैसे बहुधा तिच्या गाठीस राहत. पुढे दूधसंस्था आल्या. १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार झाली. १९७० साली देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली. गावोगाव दूध वाढले, घरात पैसा आला, हे निर्विवाद होय. परंतु संकरित गाय दूध अधिक देते, तशी वैरण, पाणी आणि निगाही अधिक मागते. हे काम स्त्रीच्या वाट्याला आले. संस्थेच्या वहीत मात्र सभासद म्हणून नाव लागले ते बहुधा घरच्या पुरुषाचे, आणि पगारही त्याच नावावर निघू लागला. गाईसाठी कर्ज मागावे, तर तारणाला जमीन हवी आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नाही! कायद्याने हळूहळू वाट मोकळी केली. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने हिंदू कुटुंबातील मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण बहिणीने भावासाठी हक्कसोड करण्याची रीत अद्याप गेलेली नाही.

दुसरी अडचण चाऱ्याची. जंगलखात्याने गायराने गिळली, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात केली होती. आपल्याच काळात राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी करून उजाड डोंगर हिरवे केले. गवत वाढले, दूध वाढले. हे यश आम्हांस अभिमानास्पद वाटते. तथापि शेळी ही गरिबाची गाय. जिच्याजवळ गुंठाभर जमीन नाही, त्या बाईला अशा बंदीत बांधावरचा पाला शोधत हिंडावे लागते. गावाच्या उन्नतीचा हिशेब मांडताना तिचीही ओळ त्यात हवी.

हिशेबाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. घरच्या शेतावर बिनमजुरीने राबणाऱ्या स्त्रीला 'काम करणारी' म्हणून स्पष्टपणे विचारात घ्यावयास जनगणनेला १९९१ साल उजाडले, आणि घरापुरत्या दूध-उत्पादनाला 'काम' म्हणावयास २००१!

२०२४ साली आपल्या जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले. १७२५ साली चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या त्या राज्यकर्तीचा हा उचित गौरव होय. परंतु नावाबरोबर एक कर्तव्यही आपल्याकडे आले आहे. दूधसंस्थेच्या सभासदवहीत, बँकेच्या खात्यावर, जनावरांच्या डॉक्टराच्या शिबिरात गोठा सांभाळणारीचे नाव पहिले लागले पाहिजे. आपण शहरवासी रोज सकाळी तिच्याच हातचे दूध पितो. तेव्हा हा प्रश्न खेड्याचा आहे, असे म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही.