जुनी सनद आणि नवा कायदा : भोकरदनच्या अनुषंगाने एक विचार

प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना भोकरदन हे भोगवर्धन या नावाने परिचित आहे. सांची व भारहुत येथील दानलेखांत या नगराच्या दात्यांचा निर्देश येतो. घरापासून शेकडो मैलांवर दान देणाऱ्या माणसाची ओळख तेथे त्याच्या गावाच्या नावाने पटविली जात असे. अर्वाचीन काळात या गावाच्या वाट्याला वेगळाच अनुभव आला. गाव जागचे हलले नाही. त्याच्यावरील सत्ता मात्र वारंवार बदलली. सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्यानंतर ते भारतीय संघराज्याच्या हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर त्याचा जिल्हाही बदलला. अशा गावात ज्याचे पोट एखाद्या सनदेवर वा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असे, त्याच्यापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : ज्या सत्तेने हा कागद दिला ती उरली नाही, तर कागद उरतो काय?

सकृद्दर्शनी असे वाटते की, अशा कागदांचा खरा शत्रू म्हणजे सीमाबदल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने हस्तांतरित प्रदेशातील प्रचलित कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत, पूर्ववत् चालू ठेवले. म्हणजे भोकरदन मुंबई राज्यात आले, त्याच दिवशी तेथील व्यवसायांचे जुने नियम संपुष्टात आले नाहीत. जुन्या प्रमाणपत्रांची खरी कसोटी पुढे लागली. आणि ती लावली प्रत्येक व्यवसायासाठी देशभर एकच नियम करू पाहणाऱ्या कायद्यांनी. वकील, वैद्य व पशुवैद्य या तीन व्यवसायांचा इतिहास ताडून पाहिला असता हे स्पष्ट होते.

प्रथम वकिलांचा विचार करू. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७९ च्या कायद्यान्वये वकिलाचे प्रमाणपत्र चालू वर्षाच्या अखेरपर्यंतच चाले व पुढे त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. मुंबई इलाख्यात १९२० चा वेगळा कायदा होता. हैदराबाद संस्थानात न्यायालयांची भाषाच उर्दू होती व वकिलीची व्यवस्थाही संस्थानाची स्वतःची होती. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने ही सारी विविधता मोडून अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण केला. तथापि त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमाने असे ठरविले की, जुन्या कायद्यांन्वये वकिली करीत असलेल्या ज्या व्यक्ती अधिवक्ता म्हणून नाव नोंदवू इच्छित नाहीत, किंवा तशी अर्हता ज्यांच्यापाशी नाही, त्यांचे व्यवसायाचे पूर्वीचे हक्क अबाधित राहतील. या कलमात १८७९ व १९२० च्या कायद्यांचा नामनिर्देश करून पुढे ‘अथवा अन्य कोणताही कायदा’ अशा आशयाचे शब्द घातले आहेत. संस्थानी प्रदेशांतील वकिलांना आश्रय मिळाला तो या व्यापक शब्दांत. येथे कायद्याने दार पुढील पिढीसाठी बंद केले. आत असलेल्यांना मात्र बाहेर काढले नाही.

वैद्यांच्या बाबतीत कायद्याने निराळा मार्ग धरला. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद कायद्याने मान्य अर्हतांच्या अनुसूची तयार केल्या. त्याच्या १७ व्या कलमाने राज्याच्या नोंदवहीत आधीच नोंदल्या गेलेल्या वैद्य-हकिमांना, मान्य अर्हता नसली तरी, संरक्षण दिले. ज्या राज्यात अशी नोंदवहीच नव्हती, तेथे किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्यांनाही ते मिळाले. म्हणजे काही जणांच्या बाबतीत अनुभवालाच प्रमाणपत्राचे स्थान प्राप्त झाले. परंतु अनुसूचीतील काही अर्हतांपुढे वर्षांची मर्यादा होती. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ व ‘आयुर्वेद रत्न’ या पदव्या १९३१ ते १९६७ एवढ्याच कालावधीपुरत्या मान्य ठरल्या. संस्था तीच, पदवीचे नावही तेच. परंतु १९६७ ची पदवी ग्राह्य आणि त्यानंतरची अग्राह्य. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येही कायम ठेवला. म्हणजे येथे जुनेपणा हाच कागदाचा गुण ठरला. २०२० च्या नव्या कायद्याने १९७० च्या कायद्याची जागा घेतली आहे. तरी जुन्या पदवीधरांच्या हक्काचा उगम शोधताना १९७० च्या कायद्याकडे वळावेच लागते.

तिसरे उदाहरण पशुवैद्यकाचे. बैल व दुभते जनावर यांवर संसार चालणाऱ्या भोकरदनसारख्या तालुक्याला ते अधिक जवळचे आहे. महाराष्ट्राने १९७१ मध्ये पशुवैद्यक व्यवसायाविषयी स्वतःचा कायदा केला होता. पुढे संसदेने १९८४ मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा केला व राज्याने तो स्वीकारल्यावर १९९७ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. या कायद्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय मान्य पदवीधारक नोंदणीकृत व्यक्तींपुरता मर्यादित केला. पदविका वा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकांना राज्यशासनाच्या आदेशाने, तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवांची मुभा ठेवली. महाराष्ट्रातील प्रमाणपत्रधारकांनी जुन्या हक्कांच्या आधारे न्यायालयात दाद मागितली. परंतु २००७ मध्ये उदयसिंग डागर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय कायद्याचे निर्बंध उचलून धरले. कागद खोटा ठरला नाही, शिक्षणही कोणी नाकारले नाही. त्या कागदावर करता येणाऱ्या कामाची कक्षा तेवढी आक्रसली.

तिघांच्या नशिबी असे वेगवेगळे निकाल का आले असावेत? जुन्या पद्धतीच्या वकिलांचा वर्ग नवी भरती थांबल्याने कालांतराने आपोआप संपणार होता. त्याला आयुष्यभराची सवलत देण्यात समाजाचा तोटा अल्प होता. पशुधन पर्यवेक्षकांचा वर्ग मात्र नव्या प्रशिक्षणाने वाढतच राहणारा होता. त्याला संपूर्ण हक्क दिला असता, तर पदवीची अट कागदोपत्रीच उरली असती. वैद्यांची स्थिती या दोहोंमधली होती. म्हणून तेथे तारखेची रेघ ओढली गेली.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावयास हवा. हक्क टिकणे आणि कौशल्य टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये वृक्षतोडीच्या यांत्रिक करवतीचे प्रमाणपत्र केवळ जुने झाले म्हणून रद्द होत नाही. परंतु ठरावीक काळाने उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे, अशी शिफारस तेथे केली जाते. उपरोक्त तिन्ही भारतीय कायद्यांत जुन्या सनदेचा विचार झाला तो हक्काच्या अंगाने. धारकाचा हात अजून चालतो की नाही, हे त्या सवलतींनी विचारले नाही. आणि तो उत्तम चालत असला, तरी केवळ त्या कारणास्तव कक्षा वाढवूनही दिली नाही.

तात्पर्य, जुन्या प्रमाणपत्राचे बळ त्याच्या शिक्क्यात नसते. नवा कायदा जुन्यासाठी जी राखणीची तरतूद ठेवतो, तीत ते असते. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून अशा सनदा अभ्यासणाऱ्याने ती कोणी दिली एवढेच पाहून थांबू नये. ती कोणत्या तारखेची, धारकाचे नाव कोणत्या नोंदवहीत होते आणि पुढील कायद्याने त्याच्यासाठी कोणते काम राखून ठेवले, हे तीन प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. सनदेचा खरा अर्थ त्यांच्या उत्तरांत सापडतो. कारण रात्री-अपरात्री आजारी जनावर दारात बांधून बसलेल्या शेतकऱ्याने हाक मारल्यावर कोणी यावे आणि आलेल्याने कोठवर हात घालावा, हे त्यांवरच ठरत आले आहे.