जमखिंडीचे ग्रहण आणि अवकाशातला माठ

हेलियमचा शोध विजयदुर्गच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वर लागला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तारीख मात्र जुळत नाही. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. हेलियमची रेषा सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात दिसली ती १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात, आणि तेव्हा लॉकियर होते इंग्लंडात! त्या ग्रहणाचे आपल्याला जवळचे ठाणे म्हणजे पटवर्धनांची जमखिंडी. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यंत्र लावून बसले होते. ढगांनी फार सतावले. तरी तांबडी, नारिंगी, निळी अशा रेषा त्यांना दिसल्या. नारिंगी ती सोडियमची, असे ते समजले. ती सोडियमची नव्हे, हे पुढे लॉकियरनी ताडले.

हे जॉन म्हणजे विल्यम हर्शेल यांचे नातू. आजोबांनी १८०० साली उष्णतेचे अदृश्य, म्हणजे अवरक्त किरण शोधले होते. म्हणूनच २००९ साली युरोपने अवकाशात सोडलेल्या अवरक्त दुर्बिणीला ‘हर्शेल’ हे नाव मिळाले. तिच्या टाकीत काय होते? २३०० लिटरांहून अधिक द्रवरूप हेलियम!

ते कशाला? उष्णता टिपणारे यंत्र स्वतःच उबदार असेल तर त्याला स्वतःचीच उष्णता दिसणार. म्हणून त्याला शून्याखाली सुमारे २७१ अंशांवर ठेवावे लागते. पण एवढ्या थंडीत हेलियम अतिप्रवाही होते, म्हणजे घर्षणावाचून वाहते, भांड्याच्या भिंती चढून बाहेर पडते. शिवाय अवकाशात वर-खाली असे काही नाही. वाफ सोडायला तोंड उघडले, तर द्रवही निघून जायचा!

१९७० च्या सुमारास स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. टाकीच्या तोंडाशी सूक्ष्म छिद्रांचे बूच बसवायचे. नांदेडच्या उन्हाळ्यात आपला माठ झिरपतो, बाहेर पाण्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते, तोच प्रकार. फरक एवढाच, की अतिप्रवाही हेलियम थंड बाजूकडून उबदार बाजूकडे ओढले जाते. बुचाची बाहेरची बाजू वाफेमुळे अधिक थंड, म्हणून द्रव पुन्हा आत खेचला जातो आणि वाफ तेवढी बाहेर पडते. आपल्या माठाला हे काही साधत नाही!

जानेवारी १९८३ मध्ये सुटलेल्या ‘आयरास’ उपग्रहावर हे बूच होते. त्याचे हेलियम दहा महिने पुरले. ‘हर्शेल’चे जवळजवळ चार वर्षे पुरले, २९ एप्रिल २०१३ रोजी ते संपले, आणि साडेतीन मीटरांचा आरसा शाबूत असताना दुर्बीण आंधळी झाली.